बाटलीची मागची बाजू

22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा घरोघरी आनंद झाला, आमच्याही घरी झाला. त्याच सुमारास माझी पुतणी डोक्याला ओढणी गुंडाळून आली. भावाच्या लग्नासाठी तिने एका पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते. चार महिन्यांत ते केरसुणीसारखे झाले, विंचरताना तुटू लागले. तिने पिशवीतून तीन बाटल्या काढल्या. तिन्हींवर ‘रिपेअर’ हा शब्द होता. ‘‘काका, तुम्ही जन्मभर लोकांचे ताळेबंद वाचलेत. यातली खरी कोणती?’’

मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे. पण बँकेने एक खोड लावली आहे, कागद शेवटच्या पानापासून वाचायचा. बाटलीच्या पुढे जाहिरात असते, हिशेब मागे. आपल्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याहून कमी असलेले त्यानंतर, पण हव्या त्या क्रमाने. मेख इथेच आहे. एका बाटलीवर पुढे सोनेरी अक्षरांत ‘केराटिन’ होते आणि मागे ते फिनॉक्सिइथेनॉलच्याही नंतर. माल टिकावा म्हणून घालायचे हे द्रव्य युरोपच्या नियमांत एक टक्क्याच्या वर चालत नाही. म्हणजे केराटिन किती असेल, याचा अंदाज बांधायला आकडेमोड लागत नाही.

मुळात ‘दुरुस्ती’ हा शब्दच फसवा. त्वचेची जखम भरते, कारण ती जिवंत असते. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव. त्याच्यावर कौलांसारखे खवले असतात. रसायनांनी आणि तापलेल्या इस्त्रीने ते उचकटतात, फुटतात. कंडिशनर ती कौले पुन्हा शाकारत नाही, वर ताडपत्री टाकतो. पण ताडपत्रीही पावसाळ्यात कामाची असते. बिघडलेल्या केसावर ऋण विद्युतभार अधिक असतो, म्हणून बेहेनट्रिमोनियम, सेट्रिमोनियम ही धनभाराची द्रव्ये नेमकी तिथेच चिकटतात आणि गुंता कमी करतात. डायमेथिकोन गुळगुळीतपणा देते. सेटिल अल्कोहोल पाहून पुतणी दचकली. ते मेणासारखे स्निग्ध असते, केस मऊ करते, दारूशी त्याचा नावापुरताच संबंध. ही नावे यादीत वरच्या बाजूला असलेली बाटली तिघींत सर्वांत स्वस्त होती.

आणि खोबरेल? 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिकोतील संशोधकांनी दाखवले की धुण्याआधी लावलेले खोबरेल केसातून होणारी प्रथिनांची गळती कमी करते. सूर्यफुलाचे आणि खनिज तेल करत नाही. खोबरेल विकणाऱ्यांनीच दिलेला हा दाखला म्हणजे कर्जदाराने स्वतःलाच जामीन राहण्यासारखे. तरी कारण पटण्याजोगे आहे: त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, तो केसात शिरतो. हेच खोबरेल खायचे की डोक्याला लावायचे, यावर करखाते आणि उत्पादक वर्षानुवर्षे भांडले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. डिसेंबर 2024 मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितले की वेष्टनावर केशतेल म्हणून विकले नसेल, तर लहान बाटलीतलेही ते खाद्यतेलच. नऊ महिन्यांत दोन्हींचा कर एकच झाला!

इतकी बारकाईची चौकशी करापुरती. पार्लरच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलीसाठी कुणी केली? पुतणीने तिथे विचारले होते, यात काय आहे? ‘‘फॉर्मॅलिन नाही,’’ एवढेच उत्तर मिळाले. डबा दाखवला नाही. द्रव्य वाटीत काढूनच आणले. फॉर्मॅलिनऐवजी अनेक ठिकाणी ग्लायॉक्सिलिक आम्ल वापरतात. मार्च 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका 26 वर्षांच्या तरुणीची हकिगत छापली. या आम्लाच्या क्रीमने तीनदा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. उंदरांवर तेच क्रीम लावून पाहिले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक सापडले.

हे वाचून दाखवल्यावर पुतणी बराच वेळ गप्प होती. मग तिने पार्लरला फोन लावला आणि डब्यावरचे नाव विचारले. पलीकडून ‘मॅडम बाहेर गेल्यात’ असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशीही तेच. रविवारी तिने पाच बोटे केस कापून टाकले. केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतात. आमच्या हिने फोडणीच्या फडताळातली खोबरेलाची बाटली तिच्या पिशवीत घातली. पार्लरमधून अजून नाव कळलेले नाही.