लेबलावरचे आजोबा आणि इंडियानातली भट्टी

फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या, छोट्या भट्टीवरच्या व्हिस्क्या शोधून काढणं हा सध्या आपल्या पिढीचा मानाचा छंद झाला आहे. मलाही तो आहे. मोठ्या कंपनीची, विमानतळावर मनोरा रचून ठेवलेली बाटली उचलण्यात काय मजा? पण या छंदाच्या नावाखाली जे खपवलं जातंय आणि आपण ज्या भाबडेपणाने ते विकत घेतोय, त्यावर आपल्या मराठी व्हिस्कीप्रेमींपैकी कुणी कडक बोलताना दिसत नाही. सगळे नुसते बाटलीचे फोटो टाकतात. म्हणून हे.

मी सिनसिनाटीला राहतो, त्यामुळे बोलणार आहे ते अमेरिकन व्हिस्कीबद्दल. अमेरिकेत आज दोन हजारांहून जास्त लहान डिस्टिलऱ्या आहेत. त्यांच्या बाटल्यांचा एक साचा ठरून गेलाय. जाड काच, बुटका आकार, बुचावर लाकडी टोपी, खरखरीत कागदाचं लेबल आणि लेबलावर मिशीवाले आजोबा. या आजोबांनी दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९२० ते १९३३ च्या दरम्यान, तळघरात चोरून दारू गाळलेली असते. रेसिपी वहीत लिहिलेली असते. ती वही पणतवाला माळ्यावर सापडते. (अमेरिकेतल्या माळ्यांवर इतक्या वह्या कशा काय उरल्या, हा वेगळा विषय.) खाली ‘स्मॉल बॅच’, ‘हँडक्राफ्टेड’ वगैरे. यातल्या एकाही शब्दाला अमेरिकन कायद्यात व्याख्या नाही. ‘क्राफ्ट’लाही नाही. उद्या कुणी तेलाच्या टँकरएवढ्या टाकीला ‘स्मॉल बॅच’ म्हटलं तरी त्याला कुणी अडवू शकत नाही.

आता भूगोल. माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, ओहायो नदीच्या काठी, इंडियाना राज्यात लॉरेन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे १८४७ पासून दारू गाळली जाते. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा ही भट्टी सीग्रॅमने घेतली, पुढे हातं बदलत २०११ मध्ये ती एमजीपी नावाच्या कंपनीकडे आली. हा कारखाना आहे, चांगला अवाढव्य. त्याचा मोठा धंदा म्हणजे तयार, मुरलेली व्हिस्की घाऊक भावाने दुसऱ्यांना विकणं. त्यांची ९५ टक्के राय असलेली एक व्हिस्की आहे. मुळात ती सीग्रॅमने आपल्या ब्लेंडमध्ये मिसळायला म्हणून बनवली होती. आज अमेरिकेत ज्या अनेक ‘दुर्मिळ’, ‘गावठी’, ‘घराण्याच्या’ राय व्हिस्क्या मिळतात, त्यांच्या पोटात हीच आहे. एकाच गोदामातला माल, नावं वेगळी, आजोबा वेगळे, भाव वेगळे.

यात एमजीपीचा काही दोष नाही. ते उघड धंदा करतात आणि माल उत्तम देतात. दोष मधल्या माणसाचा.

त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे टेम्पलटन राय. आयोवा राज्यात टेम्पलटन हे खरंच गाव आहे, दारूबंदीत तिथे खरंच चोरटी राय गाळली जायची. २००६ मध्ये त्या नावाने व्हिस्की बाजारात आली. दारूबंदीच्या काळातली रेसिपी, अल कपोनची आवडती, स्मॉल बॅच, सगळा सरंजाम. दारू इंडियानातून येत होती. २०१४ मध्ये ग्राहकांनी कोर्टात खेचलं, २०१५ मध्ये तडजोड झाली. ग्राहकांना काही पैसे परत मिळाले, ‘दारूबंदीच्या काळातली रेसिपी’ आणि ‘स्मॉल बॅच’ हे शब्द लेबलावरून गेले, ‘इंडियानात गाळलेली’ हे आलं. कंपनीने स्वतःची भट्टी सुरू केली ती २०१८ मध्ये. म्हणजे नावात गाव होतं, पण गावात भट्टी यायला बारा वर्षं लागली.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. नाही झाली. गेल्या वर्षी मी अशाच एका ‘छोट्या’ भट्टीच्या टूरवर गेलो होतो. तांब्याचा लखलखीत स्टिल, इतका लखलखीत की त्यात भांग पाडता यावा. गाईड पोरगी गोड होती, पाठ चोख होता. मी विचारलं, डिस्टिलरी सुरू होऊन किती वर्षं झाली? तीन. आणि ही हातातली व्हिस्की किती वर्षांची? आठ. हे वजाबाकीचं गणित तिसरीतल्या पोरालाही जमेल, पण आमच्या घोळक्यातल्या बारा जणांपैकी कुणाच्या कपाळावर आठी नाही. मी पुढे विचारल्यावर ‘आमचे पार्टनर्स’ असा काहीतरी धूसर शब्द आला आणि आम्हाला टीशर्टच्या दुकानात नेण्यात आलं.

गंमत अशी, की हे सगळं आपल्याला नवं नाही. मराठी माणूस हापूस घेताना काय करतो? पेटीवर देवगड लिहिलंय म्हणून गप्प घेतो? देठ बघतो, वास घेतो, साल दाबतो आणि विक्रेत्याला सरळ विचारतो, ‘कर्नाटकचा नाही ना?’ देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा हा प्रकार आपल्याकडे इतका चालतो, की हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी ही चौकशी थांबलेली नाही. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो. पण त्याचे देवगडचे पैसे कुणी मागितले तर आपण भांडतो. येवल्याची पैठणी म्हणून सुरतेची कुणी गळ्यात मारली, तर आई दुकानात परत जाऊन तमाशा करते. मग सत्तर डॉलरची बाटली हातात आली की ही सगळी जन्मजात अक्कल कुठे जाते?

याला एक उत्तर मला नेहमी मिळतं: ‘चव चांगली आहे ना? मग कुणी का गाळेना!’

हा युक्तिवाद वरवर फार सुज्ञ वाटतो. पण चवच हवी असेल तर एमजीपीच्या स्वतःच्या लेबलखाली तीच राय मिळते, ती घ्या, पैसेही बहुधा वाचतील. तुम्ही ती घेत नाही. तुम्ही आजोबा घेता, गाव घेता, ‘हे अजून कुणाला माहीत नाही’ हा आनंद घेता. चवीपलीकडच्या गोष्टीचे पैसे मोजायचे, आणि ती खोटी निघाली की ‘आम्हाला फक्त चवीशी मतलब’ म्हणायचं, ही स्वतःची फसवणूक आहे.

आणि नुकसान फक्त तुमचं नाही. खरोखर स्वतः गाळणाऱ्या माणसाचं गणित बघा. आज मका आणि राय विकत घ्यायची, दळायची, शिजवायची, आंबवायची, गाळायची, नव्या जळक्या ओकच्या पिंपात भरायची आणि मग बसून राहायचं. दोन वर्षं, चार वर्षं, सहा वर्षं. पिंपाचे पैसे गेलेले, गोदामाचं भाडं चालू, कर्जाचं व्याज चालू, आणि पिंपातली दारू दरवर्षी थोडी थोडी हवेत उडून चाललेली. या काळात पोट भरायला बहुतेकांना जिन आणि व्होडका विकावी लागते, कारण तिला मुरवावं लागत नाही. अखेर त्याची पहिली, तीन वर्षांची, जराशी कोवळी व्हिस्की दुकानात येते, तेव्हा शेजारी त्याच भावात आजोबांची आठ वर्षांची मऊशार बाटली उभी असते. गिऱ्हाईक दोन्ही चाखतं आणि म्हणतं, ‘हे आजोबावाले जास्त चांगले कारागीर दिसतात.’ हा खरा अन्याय आहे. खोटी गोष्ट खऱ्या भट्टीचं फडताळ खाते.

काही जण वाट पाहायची टाळायला छोटी पिंपं वापरतात. नेहमीचं पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे सुमारे २०० लिटरचं. पाच-दहा गॅलनच्या पिंपात दारूला लाकूड जास्त लागतं, रंग झटपट चढतो. पण मुरणं म्हणजे नुसता रंग नव्हे. बफेलो ट्रेस या केंटकीच्या मोठ्या डिस्टिलरीने २००६ मध्ये ५, १० आणि १५ गॅलनची पिंपं भरून बघितली आणि २०१२ मध्ये प्रयोग फसल्याचं स्वतःच जाहीर केलं. अशा व्हिस्कीला सुतारकामाच्या दुकानासारखा वास येतो. लोणचं उन्हात ठेवून लवकर मुरत नाही, नरम पडतं, तसंच काहीसं.

मी विकतच्या मालाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. युटामधल्या हाय वेस्टने सुरुवातीला सगळी राय बाहेरून घेतली, वेगवेगळ्या भट्ट्यांची मिसळली आणि ते उघड सांगितलं. मिसळणं ही त्यांची कला होती, लोकांनी तिचे पैसे दिले. आपल्या बंगळूरच्या अमृतचं उदाहरण तर आणखी जवळचं. ‘फ्यूजन’मध्ये स्कॉटलंडची धुरकट बार्ली आणि भारतीय बार्ली एकत्र आहे, आणि त्यांनी ते लपवलं नाही, थेट नावातच घातलं. जगभर नाव झालं ते त्याच व्हिस्कीने.

पण मला सगळ्यात पटलेलं वागणं न्यू रिफचं. नदीपलीकडे, केंटकीतल्या न्यूपोर्टमध्ये २०१४ साली हे लोक उभे राहिले. हातात विकायला काही नव्हतं. मग त्यांनी एमजीपीचीच बर्बन घेतली, तिला ओकेआय असं वेगळं नाव दिलं, ती इंडियानाची आहे हे सांगून विकली. स्वतःच्या नावाला हात लावला नाही. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, स्वतः गाळलेली बर्बन ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ म्हणून आणली आणि ओकेआय बंद केली.

‘बॉटल्ड इन बॉन्ड’ हे तीन शब्द मात्र पाठ करा, कारण यांना व्याख्या आहे. १८९७ चा कायदा. त्या काळी दलाल लोक बेचव स्पिरिटमध्ये रंग, फळांचे रस, वाट्टेल ते घालून व्हिस्की म्हणून विकायचे, म्हणून तो आला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरलेली, ५० टक्के अल्कोहोलची, आणि कोणत्या भट्टीवर गाळली तिचा परवाना क्रमांक लेबलावर. तिथे आजोबा चालत नाहीत. बाकी बाटल्यांवर मागची बारीक अक्षरं वाचायची. ‘डिस्टिल्ड बाय’ लिहिलंय की नुसतं ‘प्रोड्यूस्ड बाय’ किंवा ‘बॉटल्ड बाय’? पत्ता एका राज्याचा आणि दारू दुसऱ्या राज्यात गाळलेली असेल, तर ते राज्य लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे. चार वर्षांहून लहान व्हिस्कीवर वय लिहिणंही. फोन झूम करायला हातात असतोच.

आणि शोधायचंच असेल, तर शोधण्यासारखं खरं खूप आहे. डेन्व्हरचे लिओपोल्ड ब्रदर्स बार्लीला स्वतः जमिनीवर पसरून मोड आणतात. अमेरिकेत जवळजवळ विसरला गेलेला तीन कप्प्यांचा जुना स्टिल त्यांनी नव्याने घडवून घेतला, कारण जुन्या रायची जड, तेलकट चव आजच्या यंत्रातून येतच नाही. त्यासाठी अब्रुझी नावाची जुनी रायही लावून घेतली. सिअॅटलचे वेस्टलँड तिथल्याच दलदलीतलं पीट आणि तिथल्याच जंगलातला गॅरी ओक वापरतात. त्यांची मालकी आता मोठ्या फ्रेंच कंपनीकडे आहे, पण दारू तिथेच गाळली जाते. म्हणजे प्रश्न ‘छोटी की मोठी’ हा नाहीच. कुणी गाळली आणि ते सांगताय का, एवढाच आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न लवकरच जोरात येणार आहे. भारतात खपणाऱ्या बहुतेक ‘व्हिस्की’त मळीपासून किंवा धान्यापासून काढलेलं बेचव स्पिरिट आणि थोडं माल्ट असतं, मळीवाल्याला युरोपात व्हिस्की म्हणूही देत नाहीत. या बाजारात आता ‘क्राफ्ट’ हा शब्द शिरतोय, आजोबांची मिशी कोरली जातेय. (महाराष्ट्रात कायद्याने यासाठी पंचविशी आणि परवाना लागतो. त्याआधीच्यांनी हे हापूसवरचं म्हणून वाचावं.)

पोर्टलँडची वेस्टवर्ड २००४ पासून स्वतः बार्लीची व्हिस्की गाळते आहे. अमेरिकन सिंगल माल्ट या प्रकाराला सरकारी मान्यता मिळावी म्हणून जे वर्षानुवर्षं झगडले, त्यांत ते पुढे होते. जानेवारी २०२५ मध्ये ती मान्यता लागू झाली. एप्रिल २०२५ मध्ये वेस्टवर्डने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी कोर्टात अर्ज केला.

भारतात येताना दोन लिटरच शुल्काशिवाय आणता येतात, म्हणजे साडेसातशेच्या दोन बाटल्या. यंदाची एक न्यू रिफची, एक लिओपोल्डची. पुण्याच्या ग्रुपवर आलेली यादी मी वाचली आहे. तिच्यात पाच नावं आहेत. तीन इंडियानाची, आणि त्यातली दोन ते नीट सांगत नाहीत. ती दोन मी आणणार नाही, मंडळींनी हवा तेवढा रुसवा धरावा.