घर कर्जदाराचे, तपासणी बँकेची

माझा एक जुना विद्यार्थी ठाणे जिल्ह्यात शिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने अठ्ठावीस वर्षे जुन्या इमारतीत दोन खोल्यांची सदनिका घेतली. घेण्यापूर्वी तो माझ्याकडे आला, तेव्हा मी साहजिकच विचारले, "इमारत कोणा जाणत्याला दाखवलीस का?" तो हसून म्हणाला, "सर, बँकेचा माणूस पाहून गेला. बँक आपले पैसे बुडू देईल का?" अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मलाही त्या क्षणी हे उत्तर पटले, याची खंत आज वाटते. दीड वर्षाने गृहनिर्माण संस्थेने संरचनात्मक तपासणी करून घेतली आणि इमारत अतिधोकादायक ठरली. तो आता भाड्याच्या घरात राहतो. रिकाम्या सदनिकेचा हप्ता मात्र चालूच आहे.

त्याच्या उत्तरात चूक कोठे होती? बँक पैसे बुडू देत नाही हे खरेच आहे. परंतु पैसे वाचवण्यासाठी तिला इमारत धडधाकट असण्याची फारशी गरज नसते. तिची पहिली भिस्त कर्जदाराच्या पगारावर असते आणि दुसरी तारणाच्या बाजारभावावर. २००२ च्या सरफेसी कायद्याने तर कर्ज थकीत ठरल्यावर साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, तारण ताब्यात घेण्याचा अधिकार तिला दिला आहे. म्हणून बँकेचा वकील मालकीहक्काची कागदपत्रे बारकाईने तपासतो, आणि मूल्यनिर्धारक मात्र पुष्कळदा अर्ध्या तासात क्षेत्रफळ मोजून, चार छायाचित्रे घेऊन परततो. गच्चीवर तो चढलाच पाहिजे असे नाही. या दोघांचे शुल्क कर्जदाराच्या माथी असते, आणि अहवाल बहुतेक वेळा त्याच्या हाती पडतही नाही. ज्याने पैसे मोजले त्यालाच काय आढळले हे कळू नये, असा व्यवहार दुसऱ्या कोणत्या बाजारात आपण खपवून घेतला असता?

हा प्रश्न अन्यत्रही उपस्थित झाला आहे. ब्रिटनमध्ये एका सामान्य खरेदीदार बाईने सावकारी संस्थेच्या मूल्यनिर्धारकाच्या अहवालावर विसंबून घर घेतले. खालचा आधार काढून टाकलेले धुराडे पुढे छतातून कोसळले. अहवालात जबाबदारी झटकणारे कलम होते. तरीही १९८९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, साधे घर घेणारा माणूस स्वतंत्र तज्ज्ञ नेमत नाही, याच अहवालावर विसंबतो, हे मूल्यनिर्धारकाला ठाऊक असते. म्हणून निष्काळजीपणाची भरपाई त्याने खरेदीदाराला दिली पाहिजे. आपल्याकडे किमान एवढी मागणी तरी व्हावी की, ज्या अहवालाचे शुल्क कर्जदाराने भरले, तो त्याला मराठीत आणि करारावर सही होण्यापूर्वी मिळावा. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अटींचे व एकूण वार्षिक खर्चाचे मुख्य तथ्यपत्रक देणे बंधनकारक केले आहे. पैशाबाबत जे मान्य झाले, ते भिंतींबाबत का होऊ नये?

तोवर खरेदीदाराने काय करावे? नव्या घरास रेराच्या २०१६ च्या कायद्याचे थोडे संरक्षण आहे; ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष बांधकाम व्यावसायिकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. जुने घर घेणाऱ्यास तेही नाही. त्याने इसार देण्यापूर्वीच संस्थेच्या चिटणिसाकडे संरचनात्मक तपासणीचा शेवटचा अहवाल मागावा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी, असे आदर्श उपविधींत आहे. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे. भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण यांचीही विचारणा तेथेच करावी. घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे. नवा रंग ओल लपवतो, आषाढ लपवू देत नाही. स्तंभांना उभ्या भेगा आहेत काय, सज्जाच्या खालच्या बाजूने गंजलेल्या सळया डोकावतात काय, हे पाहण्यास पदवी लागत नाही.

अर्जापूर्वी कागदावर आणखी एक हिशेब मांडावा. नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी तीस लाख घेतले, तर हप्ता सुमारे २७,००० रुपये पडतो. पहिल्या महिन्यात त्यातले २२,५०० व्याजात जातात, मुद्दल जेमतेम साडेचार हजारांनी घटते. दर न बदलल्यास एकूण परतफेड पावणेपासष्ट लाखांच्या आसपास जाते. मुद्रांक शुल्क व नोंदणीची तजवीज सर्वसाधारणपणे पदरच्या पैशातूनच करावी लागते. इसार दिल्यावर ही आकडेमोड करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हा माघार घेणे महाग पडते.

आपल्या कार्यकर्त्यांकडे लोक दाखल्यांसाठी, शिधापत्रिकेसाठी येतात, तसे आता गृहकर्जाचे अर्ज घेऊनही येतात. आपण अर्ज भरून देतो, जामीनदारही शोधून देतो. प्रत्येक शाखेच्या परिसरात सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एखाददुसरे अभियंते असतातच. एका रविवारी येऊन गच्ची, पाण्याची टाकी आणि तळमजल्याचे स्तंभ पाहून जाण्याची विनंती त्यांना केली, तर त्यांतले बरेचजण नाही म्हणणार नाहीत. अर्ज भरण्याआधी ही एक फेरी व्हावी, एवढीच माझी सूचना आहे.