आधी लायब्ररी गाठा

मंडळी, मराठी शाळेचं भाडं, पुस्तकं, कार्यक्रम यांसाठी निधी जमवायचं काम नव्यानेच अंगावर घेतलेल्यांना सांगतो: "ग्रँट मिळवून देतो, त्यातले पंधरा टक्के द्या" म्हणणारा सल्लागार भेटला तर सरळ नाही म्हणा. निधी-संकलकांच्या इथल्या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहितेलाच असा टक्केवारीचा मोबदला मंजूर नाही.

त्याऐवजी पब्लिक लायब्ररीत जा. फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार २०१९ साली एकत्र होऊन 'कँडिड' झाली. देणग्या देणाऱ्या फाउंडेशनांची तिची सविस्तर माहिती एरवी सहसा विकत घ्यावी लागते. तिच्याशी जोडलेल्या लायब्रऱ्यांत ती फुकट बघता येते. शिवाय प्रत्येक खाजगी फाउंडेशन दरवर्षी सरकारकडे ९९०-पीएफ फॉर्म भरतं, आणि तो कुणालाही वाचता येतो. कुणाला किती डॉलर दिले, सगळं नावानिशी! त्यातच एक चौकोन असतो: 'आम्ही आधीच ठरवलेल्या संस्थांनाच देतो, बाहेरचे अर्ज घेत नाही.' तिथे खूण दिसली की त्या अर्जापायी शनिवार-रविवार वाया घालवू नका.

हिशेब, योजना यांत अडलात तर 'स्कोर'चे स्वयंसेवक ना-नफा संस्थांनाही विनामूल्य सल्ला देतात. करमुक्तीची नोंदणी अजून व्हायची असेल आणि वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल, तर इतर अटी तपासून छोटा १०२३-ईझेड फॉर्म भरा. फी २७५ डॉलर.

आणि हो, नोंदणी झाली की सभासदांना त्यांच्या कंपनीच्या मॅचिंगबद्दल विचारा. बऱ्याच कंपन्या देणगीइतकीच भर घालतात, पण फॉर्म आपणच भरायचा असतो, तोही मुदतीत.