अन्ननलिकेचा सांधा

आधी भाकरीचा कोरडा घास अडकतो, मग मऊ भात, पुढे पाणीही उतरेना. गिळण्याचा असा त्रास वाढत चालला, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. अन्ननलिकेच्या कर्करोगाची शंका घेऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. तंबाखू व दारू असणाऱ्यांनी तर मुळीच हयगय करू नये.

रोग वेळेत सापडला, तर रोगट भाग काढता येतो. १९१३ साली अमेरिकेत फ्रान्झ टोरेक या शल्यवैद्यांनी छातीतील अन्ननलिका यशस्वीपणे काढली. पण जोडणी करता आली नाही. ती बाई पुढे अनेक वर्षे मानेपासून पोटापर्यंत बाहेरून लावलेल्या रबरी नळीने जेवत होती.

आता बहुधा जठराचीच नळी करून वर ओढतात व उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. सारी मदार या सांध्यावर असते. आतड्यावर असते तसे चिवट बाह्य आवरण अन्ननलिकेला नसते. जठराच्या ओढलेल्या टोकाला रक्तही कमी पोचते. सांधा झिरपला, तर लाळ व अन्नरस छातीत उतरून जिवावर बेतते.

म्हणून काही शल्यवैद्य सांध्यावर ठिगळ लावतात. कधी ते रोग्याच्याच पोटातील चरबीच्या पडद्याचे असते, कधी जनावरांच्या शरीरातून काढलेल्या कोलॅजनचे. काही ठिगळांवर रक्त गोठवणारी द्रव्ये असतात. ओल लागताच ती चिकटतात आणि काही महिन्यांत शरीरात विरून जातात.

आंब्याचे कलम बांधताना आपण पट्टी गुंडाळतो. पण कलम जगते ते रस चढल्याने. पट्टी नुसता आधार देते. ठिगळाचेही तसेच आहे. रक्तपुरवठा चांगला हवा, सांध्यावर ताण नको. ठिगळाने गळती हमखास टळते, असे सिद्ध झालेले नाही. ते लावणार असल्यास कशाचे आहे, खर्च किती, हे आधी विचारावे.

घरच्यांचे काम पुढेच आहे. गळती बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांत उघडी पडते. ताप, छातीत दुखणे, धाप, नाडी जलद होणे, मानेच्या जखमेतून लाळ किंवा पू येणे, यांपैकी काही दिसताच डॉक्टरांना सांगावे. आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत मायेपोटी चमचाभर पेजही तोंडाने देऊ नये. तोवर पोषण नळीने किंवा शिरेतून मिळत असते.