सुप्याची सफारी

मुलांनो, टीव्हीवर आफ्रिकेतली सफारी पाहिली आहे ना? उघडी जीप, नजर पोचेल तिथवर पिवळं गवत आणि हरणांचे कळपच्या कळप! परवा आमच्या चौथीच्या वर्गात एकीनं विचारलंच, "बाई, आपल्याला कधी जायला मिळणार?" मी म्हटलं, "अगं, सफारी हा स्वाहिली शब्द. आपल्या 'सफर'चाच तो भाऊ. दोघांचं मूळ अरबीत. मग सफर सुप्याला केली तर काय बिघडलं?"

चिंचवडहून पहाटे निघायचं. सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामती तालुक्यातलं सुपे गाठायचं. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झालं. नाव मोरगावच्या गणपतीचं, पण इथला मानकरी चिंकारा! इथे दाट झाडी नाही. माळरान, गवत आणि मधूनच एखादी बाभूळ. चिंकारा म्हणजे आफ्रिकेतल्या गॅझेल हरणांचा भाऊबंद. उंची जेमतेम दोन फूट, वजन वीस-पंचवीस किलो. नराची शिंगं वळ्यावळ्यांची. मादीलाही बारीक शिंगं असतात बरं का! पालापाचोळा, शेंगा यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो बरेच दिवस पाण्यावाचून काढू शकतो.

मागच्या हिवाळ्यात मी भाच्यांना घेऊन गेले होते. वळणावर चार चिंकारे दिसले आणि मीच गाडीचं दार उघडून ओरडले, "ते बघा, ते बघा!" एकानं पुढचा पाय आपटला, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढला आणि चौघंही टेकाडापलीकडे पसार! धाकटा भाचा हिरमुसून म्हणाला, "मावशी, मला नुसत्या शेपट्याच दिसल्या." बाई असून वर्गात मीच दंगा केला म्हणायचा!

मग इंजिन बंद केलं. कुणी बोलायचं नाही असं ठरलं. वीस मिनिटं गेली. एक मादी झुडपाआडून आली, आमच्याकडे टक लावून पाहिलं आणि मान खाली घालून चरू लागली. तिच्या पापण्यांची उघडझापसुद्धा आम्हाला दिसली.

आता गंमत म्हणून कुणी हॉर्न वाजवतात, टाळ्या पिटतात. पण एक हिशेब करा. टांझानियातलं सेरेनगेटी राष्ट्रीय उद्यान १४ हजार चौरस किलोमीटरांहून मोठं आहे. आपलं मयूरेश्वर साधारण ५ चौरस किलोमीटर! तिथलं हरीण पळालं तरी पुढे गवतच असतं. इथलं पळालं, तर थोड्याच वेळात शेत, रस्ता नाहीतर गावची कुत्री. शिवाय चिंकाऱ्याची आई पिल्लाला गवतात लपवून लांब चरायला जाते. ती घाबरून दूर गेली, तर पिल्लू उपाशी राहील. असं एकटं पिल्लू दिसलं, तर "बिचारं हरवलंय" म्हणून उचलायचं नाही. आई येणार असते.

तेव्हा दोस्तांनो, प्राणी किती पळाले यावर सफारी मोजू नका. आपल्याला पाहूनही तो चरत राहिला, तर आपण पास!

सुप्याला जाईपर्यंत सराव घरीच करा. अंगणातली खार किंवा गॅलरीतलं कबुतर दहा मिनिटं बघा, पण त्याला न पळवता. काय काय दिसलं ते वहीत लिहा. आईबाबांनाही सोबत बसवा. त्यांनाच जास्त जड जाईल!