येड्याला सात खून माफ?

खताचा डोस आणि फवारणी सांगणं हे आमचं काम. पण मीटिंग संपून पारावर बसलं की गप्पा भलतीकडं जातात. परवा एका गावात कोयत्याच्या वाराचा विषय निघाला. एक म्हातारबा म्हणाले, "त्याला काय व्हतंय साहेब? येड्याला सात खून माफ!" हे वाक्य गावोगाव ऐकायला मिळतं. ते खरं नाही.

१८६० च्या भारतीय दंड विधानात यासाठी कलम ८४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २२ म्हणून आलं. कोर्ट बघतं ते एवढंच, की वार केला त्या घटकेला मनाच्या आजारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे त्या माणसाला कळतच नव्हतं का? नुसता तापटपणा चालत नाही. आजार आहे एवढ्यावरही सुटका नाही. दारूचं तर नावच नको. नकळत किंवा जबरीनं पाजली असेल तरच सवलत.

शिवाय हे शाबित करायचं ते आरोपीनं, आणि इथंच आपली माणसं उघडी पडतात. पोराला भास होतात, रात्ररात्र झोप नाही. पण सोयरीक मोडेल म्हणून घरात झाकायचं, नाहीतर देवऋष्याकडं न्यायचं. डॉक्टरचा एक कागद नसतो. वकिलानं कोर्टात दाखवायचं काय?

महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायानं १९९४ साली बायकोच्या डोक्यात वाटणाचा दगड घालून तिला मारलं. खालच्या कोर्टानं दोषी धरलं, हायकोर्टानं ते कायम केलं. २००२ साली सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. का? वडिलांनाही आजार होता, घटनेच्या आधीपासून त्याचे उपचार चालू होते, पुढंही दवाखान्याच्या खेपा झाल्या, आणि तो पळूनही गेला नव्हता. दवाखान्याची नोंद कामी आली. बायको मात्र गेली ती गेलीच.

बरं, असा सुटलेला माणूस सरळ घरी येतोच असंही नाही. कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगतं, किंवा नातेवाइकांकडून हमी घेऊन त्यांच्या ताब्यात देतं.

तेव्हा घरात कुणाचं बिनसलंय असं वाटलं, तर आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कधी असते ते विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत. आणि केसपेपर घरी आणून चुलीत घालू नका. सातबारा ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत ठेवा.