बाईंची शिक्षण परिषद



"आज पुन्हा मीटिंग? म्हणजे पोरांचा दिवस गेला!" शिक्षण परिषदेचा दिवस आला की हे वाक्य हमखास कानावर येतं. माझी सून साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून या परिषदेच्या गोष्टी आमच्या घरात जेवताना निघतात. माझ्या मते तो दिवस जात नाही.

दहा-पंधरा शाळांचं मिळून एक केंद्र असतं. तिथले शिक्षक महिन्यातून एकदा केंद्रप्रमुखांसोबत बसतात. सुनेची शाळा दोन शिक्षकांची आणि वर्ग चार. अडलं तर विचारणार कोणाला? ती जळगावात वाढली. घरात मारवाडी आणि मराठी, अहिराणी फक्त बाजारापुरती कानावर पडलेली. पहिलीतली मुलं मात्र घरी अहिराणीच बोलणारी. वर्गात काही विचारलं की गप्प. परिषदेत तिने हे मांडलं, तर निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, "बाई, आधी त्यांचं आंडोर-आंडेर ऐका, मग आपलं मुलगा-मुलगी सांगा." तिने मुलांच्या शब्दांची वही केली. शेजारच्या शाळेतल्या दोघींनी त्यात भर घातली. ही युक्ती तिला डी.एड.च्या पुस्तकात मिळाली नव्हती.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पण वर्गाइतकेच ते छात्रालयात घडले, असं मला वाटतं. मुलांसोबत राहायचं आणि त्यांच्यासाठी रोज हाताने दैनिक लिहायचं, हा अनुभव कुठल्या पदवीत मिळणार? आपल्याकडेही स्वाध्यायात नुसती वाचना पुरत नाही, पृच्छना लागतेच.

मी बी.कॉम., म्हणून हिशेबाने सांगते. खडू-फळा हा चालू खर्च. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकणं हा भांडवली खर्च, त्याचं उत्पन्न पुढे कित्येक वर्षं येत राहतं.

आता तक्रार. परिषदेचा निम्मा वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि 'ही माहिती आजच ऑनलाइन भरा' यात जातो. ते मोबाइलवरही कळवता येतं की! रागवायचं तर यावर रागवा.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. समितीतल्या बायांनी 'परिषदेत काय शिकलात?' एवढं विचारलं तरी फरक पडेल. आपली नातवंडं बहुतेक खासगी शाळेत. तिथल्या पालकसभेत आपण गुण आणि गॅदरिंग यांपलीकडे जात नाही. बाईंना एकमेकींचे तास बघायला वेळ मिळतो का, हेही विचारा.

सुनेच्या वहीत शेतीच्या अवजारांचं पान अजून अर्धं आहे. धुळे-साक्रीकडच्या मैत्रिणींनो, घरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारून शब्द कळवाल का?